अमिनो आम्ले आणि केसांचे पोषण

अमिनो आम्लांनी केसांचे पोषण होते, अशी ग्वाही हल्ली शांपूच्या पुष्कळ बाटल्यांवर आढळते. केस केराटिन या प्रथिनाचा बनलेला असून त्यात सिस्टीन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल विपुल असते, हे खरे. परंतु त्वचेबाहेर आलेला केस निर्जीव होय. त्यास अन्न कसे पोचणार? वरून लावलेली आम्ले केसांत व त्वचेत ओलावा धरून ठेवितात, स्पर्श मऊ करितात, इतकेच. पोषण होते ते मुळाशी, रक्तावाटे. भातातील लायसीनची उणीव डाळ भरून काढते, डाळीतील मेथिओनीनची भात. म्हणून बाटलीवर पैसा खर्चण्यापूर्वी, सर्वांमागून जेवणाऱ्या सुनेच्या पानात पुरेसे वरण पडते की नाही, हे घरातील वडील मंडळींनी पाहावे, अशी आमची विनंती आहे.