जिभेची साक्ष

अकोला जिल्ह्यातील बाळापूर हे गाव मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या काठी वसले आहे. १७५७ साली पूर्ण झालेला तेथील किल्ला प्रसिद्ध आहे. या गावाजवळून मन नदी उत्तरेस वाहत जाते व पूर्णा नदीस मिळते. पूर्णेच्या खोऱ्यातील सखल मुलूख म्हणजे वऱ्हाडातील खारपाणपट्टा. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत तो पसरला आहे. जमीन काळीभोर, कपाशीला आणि हरभऱ्याला मानवणारी. परंतु विहिरीच्या पाण्याचा घोट घ्यावा, तर तोंड खारट होते.

हा खारटपणा येतो कोठून? पूर्णेच्या खोऱ्यात गाळाचे शेकडो फूट जाडीचे थर साचले आहेत. त्यांत नाना प्रकारचे क्षार आहेत. तेथील चिकणमातीतून पाणी फार सावकाश झिरपते. त्यामुळे क्षार धुऊन जात नाहीत. उन्हाळ्यात जमिनीतील पाण्याची वाफ होते आणि क्षार मात्र मागे राहतात.

असे पाणी पेल्यात घेऊन नाकाशी धरले, तर खारटपणाचा वास येत नाही. फोडणीतल्या हिंगाचे सूक्ष्म कण हवेत मिसळून नाकापर्यंत येतात, म्हणून हिंगाचा वास घरभर दरवळतो. मीठ असे हवेत उडून जात नाही. म्हणून येथे नाक मुके राहते आणि साक्ष द्यावी लागते ती जिभेला. जिभेवर हजारो रुचिकलिका असतात. पाण्यात विरघळलेल्या मिठातील सोडियमचे कण रुचिकलिकांतील पेशींत शिरतात. मज्जातंतू ती वार्ता मेंदूला पोहोचवितात आणि ‘हे खारट आहे’ असे आपल्याला कळते. पदार्थ विरघळल्यावाचून चव कळत नाही. जीभ स्वच्छ पुसून कोरडी केली आणि तीवर मिठाचा खडा ठेवला, तर लाळ सुटेपर्यंत तो दगडासारखाच बेचव लागतो.

परंतु ही साक्ष नेहमीच विश्वासार्ह नसते. आपल्या लाळेतही थोडे मीठ असते. जिभेला त्याची सवय झालेली असल्याने ते जाणवत नाही. त्याचप्रमाणे नित्य मचूळ पाणी पिणाऱ्याला त्याचा खारटपणा हळूहळू जाणवेनासा होतो. जीभ सरावते; शरीरातील इतर इंद्रियांना मात्र आपले काम चुकत नाही.

ते काम मुख्यतः मूत्रपिंडांचे. मीठ हे काही शरीराचे शत्रू नव्हे. घाम खारट, अश्रू खारट आणि रक्तही खारटच. सोडियमवाचून मज्जातंतू व स्नायू चालणार नाहीत. मात्र रक्तातील क्षारांचे प्रमाण ठरलेले असावे लागते. ते राखण्यासाठी दोन्ही मूत्रपिंडे दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, त्यातील बहुतेक सर्व पाणी रक्तास परत करतात आणि दीडेक लिटर मूत्राबरोबर जादा क्षार बाहेर टाकतात. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ते पाणी प्यायल्यास त्यातील मीठ बाहेर टाकण्यासाठी प्यायलेल्या पाण्याहून अधिक पाणी खर्ची पडते. म्हणून समुद्राच्या पाण्याने तहान भागत नाही, उलट वाढते. विहिरीचे पाणी इतके खारट नसते, त्यामुळे अपाय लगेच दिसत नाही. परंतु वर्षानुवर्षे शरीरात मीठ अधिक गेले, तर रक्तदाब वाढतो आणि वाढलेला रक्तदाब मूत्रपिंडांना दुबळे करतो. मूत्रपिंडाचे विकार हे खारपाणपट्ट्यातील अनेक कुटुंबांचे दुःख आहे.

जिभेने साक्ष दिली नाही, तरी घरातील इतर वस्तू ती देतात. पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार असले, की साबणाला फेस येत नाही आणि तुरीची डाळ लवकर शिजत नाही. कॅल्शियममुळे डाळीच्या दाण्यातील पेशींचे बंध घट्ट होतात. स्वच्छ काचेवर पाण्याचे थेंब ठेवून ते उन्हात वाळविले, तर मागे पांढरा डाग राहतो. तेच क्षार होत. पाणी उकळल्याने रोगजंतू मरतात, पण क्षार जात नाहीत. पाणी आटले तर त्यांचे प्रमाण वाढतेच. म्हणून पाण्याची खरी परीक्षा प्रयोगशाळेतच होते. भारतीय मानकानुसार एक लिटर पिण्याच्या पाण्यात विरघळलेले पदार्थ ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरे पाणी उपलब्धच नसेल, तर २००० मिलिग्रॅमपर्यंत चालतात.

यावर उपायही निसर्गानेच दाखविला आहे. सूर्याच्या उष्णतेने पाण्याची वाफ होताना क्षार खालीच राहतात. म्हणून पावसाचे पाणी गोडे असते. खारपाणपट्ट्यातील शेतकरी शेततळ्यांत ते साठवून पिकांना देतात. सातपुड्यातून येणाऱ्या वाण नदीच्या धरणाचे पाणी नळांनी अनेक गावांना मिळते. छपरावर पडणारे पावसाचे पाणी स्वच्छ टाक्यांत साठविणे हे तर घरोघरी होण्यासारखे काम आहे. ज्या मुलखात विहीर खारट आहे, तेथे आभाळातून आलेले गोडे पाणी वाहून जाऊ देणे परवडणारे नाही.