जुनं यंत्र, नवे भाग (६) : एका दुर्बिणीपायी

गेल्या आठवड्यात आपण माउझर ९८ चा बोल्ट उघडून पाहिला. पुढचे दोन भक्कम लग (बोल्टला जागेवर अडकवणारे दांडे), आधाराला मागचा तिसरा, आणि काडतुसाची कड पहिल्यापासून शेवटपर्यंत धरून ठेवणारा तो लांबलचक पंजा. या भागात खोट काढायला फारशी जागा नाही. अडचण आहे ती त्याच्या आजूबाजूला. जर्मन सैन्याने ही रायफल १८९८ साली स्वीकारली, तेव्हा सैनिक नळीच्या टोकावरच्या माशीवरून, उघड्या डोळ्याने नेम धरत असे. नळीच्या वरची जागा मोकळीच राहणार हे पॉल माउझरने धरून चाललं होतं आणि बोल्टच्या मुठीपासून सेफ्टीपर्यंत सगळं त्याच हिशेबाने बेतलं होतं.

दोन महायुद्धांनंतर कोठारांत पडून राहिलेल्या लष्करी रायफली स्वस्तात विकायला निघाल्या. अमेरिकेत १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टपर्यंत त्या टपालाने घरपोच मिळत. घेणाऱ्याला हरणाच्या शिकारीसाठी हत्यार हवं असे आणि त्यावर दुर्बीण हवी असे. त्या एका हौसेपायी सुट्या भागांचा मोठा धंदा उभा राहिला. टिमनीचे चाप, ब्यूलरची सेफ्टी, वीव्हरच्या बैठका ही नावं अमेरिकेतल्या जुन्या शिकाऱ्यांच्या तोंडी आजही आहेत.

दुर्बिणीला आधी पाय टेकायला जागा लागते. लष्करी माउझरच्या रिसीव्हरवर, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या पोलादी सांगाड्यावर, मागच्या बाजूला काडतुसांची पट्टी अडकवायचा उंचवटा असतो. तो बैठकीच्या आड येतो, म्हणून कारागीर तो तासून काढतो. मग भोकं पाडून आटे काढायचे. नवशिक्याचे टॅप मोडतात ते इथे. या रिसीव्हरचं पोलाद आतून मऊ आणि चिवट असतं. वरच्या पातळ थरात मात्र कार्बन मुरवून ते इतकं कडक केलेलं असतं, की साधा ड्रिल नुसता घसरत राहतो. ही रचना मुद्दाम केलेली आहे. कडक साल झीज थांबवते आणि चिवट गाभा धक्का पचवतो. लग जिथे टेकतात तिथे ‘जरा गुळगुळीत करू’ म्हणून ती साल घासून टाकली, तर खालचं मऊ पोलाद प्रत्येक गोळीला थोडं थोडं दबत जातं आणि काडतुसामागची फट वाढत जाते.

बैठक बसली, दुर्बीण चढली. आता बोल्ट उघडायला जावं, तर मूठ दुर्बिणीवर आपटते. मूळ लष्करी रायफलीची मूठ आडवी, सरळ बाहेर आलेली असते आणि बोल्ट फिरवला की उभी राहते. १९३५ च्या के ९८ के मध्ये ती खाली वळवली होती, पण दुर्बीण बुटक्या बैठकीवर असली तर तेवढंही पुरत नाही. मग मूठ तापवून वाकवायची, नाहीतर कापून नवी जोडायची. मुठीच्या बुडाशीच तो तिरका उतार आहे, ज्यावरून सरकत फायरिंग पिनचा मागचा तुकडा कॉक होतो. तिथवर आच पोचली तर त्याचं पाणी उतरतं. पुढे तो उतार खरबडतो आणि बोल्ट उचलायला जड होतो. चांगला कारागीर उष्णता शोषणारे तुकडे लावून मागचा भाग थंड ठेवतो. ज्याला घाई असते तो ठेवत नाही.

उष्णतेबद्दल मी इतकं का लिहितोय? अमेरिकेची १९०३ ची स्प्रिंगफील्ड रायफल माउझरच्याच धर्तीची. तिचे सुरुवातीचे रिसीव्हर ठिसूळ निघाले, हे पहिल्या महायुद्धाच्या काळात लक्षात आलं. भट्टीवरचे अनुभवी लोहार पोलादाचं तापमान रंगावरून ओळखत. पण ढगाळ दिवशी जो लाल दिसतो, तो लख्ख उन्हात तसा दिसत नाही. उन्हाच्या दिवशी लोखंड गरजेपेक्षा जास्त तापलं आणि जळलं. तापमापक आले आणि घोटाळा उघड झाला. स्प्रिंगफील्ड कारखान्याच्या ८,००,००० क्रमांकाच्या आतल्या रायफली आजही जाणकार वापरत नाहीत, भिंतीवर ठेवतात. सगळ्याच वाईट नव्हत्या. वाईट कोणती, हे बाहेरून सांगता येत नाही, एवढंच.

दुर्बिणीमुळे अडणारा पुढचा भाग सेफ्टी. त्यासाठी थोडं थांबायला हवं, कारण ‘सुधारणा’ म्हणून इथे हमखास उलटं काम होतं. माउझरची सेफ्टी म्हणजे बोल्टच्या मागे असलेलं एक पान. ते डावीकडे असलं की रायफल उडते. उभं केलं की फायरिंग पिन अडते, पण बोल्ट उघडून काडतूस काढता येतं. उजवीकडे नेलं की बोल्टही कुलूपबंद. दुर्बिणीखाली हे पान उभंच राहू शकत नाही. सोपा उपाय म्हणून लोक बाजूला छोटा खटका असलेला नवा चाप बसवतात. तसल्या बहुतेक खटक्यांनी फक्त चाप अडतो. फायरिंग पिन आधीसारखीच ताणलेली राहते आणि तिला रोखून धरणारी चापाची धार झिजलेली किंवा मळलेली असली, तर धक्क्याने ती सुटू शकते. माउझरचं पान थेट पिनलाच धरून ठेवत होतं. म्हणजे पैसे देऊन आपण एक सुरक्षा काढून टाकली! विंचेस्टर मॉडेल ७० च्या पद्धतीची, आडवी फिरणारी तीन टप्प्यांची सेफ्टी माउझरला बसवता येते. ती पिनच अडवते आणि दुर्बिणीलाही लागत नाही. महाग पडते, बसवायला हात मुरलेला लागतो. तरी पैसे घालायचे तर इथे घालावेत.

चापाबद्दल माझं मत जरा जुन्या वळणाचं आहे. लष्करी चाप दोन टप्प्यांचा असतो. आधी सैल सरकतो, मग अडतो, मग सुटतो. पुष्कळ जण तो पहिल्याच दिवशी काढून टाकतात. स्वच्छ केलेला, शाबूत मूळ चाप शिकारीला पुरतो आणि थंडीने बधिरलेल्या बोटालाही दगा देत नाही. बदललाच, तर स्क्रू पिळून तो अगदी हलका करण्याचा मोह टाळावा. नवा चाप बसवल्यावर रिकामी रायफल कॉक करून बोल्ट जोरात बंद करून पाहतात, दस्ता रबरी चटईवर आपटून पाहतात. पिन एकदा जरी सुटली तरी तो चाप नापास.

राहिला दस्ता. दुर्बिणीमुळे डोळा वर जातो आणि गाल हवेत राहतो, म्हणून गालाखाली उंच असलेला नवा दस्ता येतो. पण या सगळ्या खटाटोपात सर्वांत जास्त फळ देणारं काम दिसतच नाही. रिसीव्हरखालचा एक लग गोळीचा उलटा धक्का लाकडावर टाकतो. वर्षानुवर्षांच्या माराने तिथलं अक्रोडाचं लाकूड दबतं, पावसाळी हवेत फुगतं आणि रायफल प्रत्येक गोळीला जरा वेगळी बसते. तिथे इपॉक्सीची नेमकी बैठक ओतली की जुन्या रायफलीच्या गोळ्या एका जागी पडू लागतात. नवी नळी घालण्याआधी हे करून बघावं. नळी बदलली की काडतुसामागची फट गेजने नव्याने मोजावी लागते. १८९३ आणि १८९५ च्या माउझरमध्ये मागचा तिसरा लगच नाही. त्यांना जास्त दाबाच्या आधुनिक काडतुसासाठी बदलणं मला पटत नाही.

बदलाची किंमतही मोजावी लागते. शिकारी जिम कॉर्बेटची .२७५ रिग्बी रायफल माउझरच्याच यंत्रावर बांधलेली होती. चंपावतची वाघीण मारल्याबद्दल १९०७ साली ती त्याला भेट मिळाली. मे १९२६ मध्ये रुद्रप्रयागचा बिबट्या त्याने मारला तो रात्री, रायफलीला टॉर्च बांधून. साठेक वर्षांनी कुणी त्या रिसीव्हरला चार भोकं पाडून दुर्बीण चढवली असती, तर नेम कदाचित सुधारला असता आणि रायफलीची किंमत मातीमोल झाली असती. संग्राहकांच्या बाजारात आज असंच चाललंय. पन्नास वर्षांपूर्वी हौसेने ‘सुधारलेल्या’ लष्करी माउझरपेक्षा हात न लावलेली जास्त भावाने जाते. स्क्रू काढून मूळ भाग परत बसवता येईल तेवढाच बदल करावा आणि काढलेले भाग डब्यात जपून ठेवावेत.

आपल्याकडे वारशाने आलेली रायफल असेल, तर यातलं काहीही घरच्या गराजमध्ये करू नका. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे दुरुस्ती आणि रूपांतर करणाऱ्याकडेही परवाना लागतो. नळी आखूड करण्यासाठी कलम ६ वेगळं आहे. काम परवानाधारक कारागिराकडेच द्या आणि काय बदललं ते त्याच्याकडून लिहून घ्या.

पुढच्या आठवड्यात आपली इशापूरची .३१५ पाहू. ली-एनफील्डच्या यंत्रावरची, पण .३०३ चं काडतूस न घेणारी.