नवी गाडी, नवा हात

सुगी उरकली, उसाचे बिल हाती आले, की दसऱ्या-पाडव्याच्या मुहूर्तावर दारात नवी मोटारसायकल उभी राहते. घरधनीण हळदकुंकू लावते, नारळ फुटतो, गल्लीत पेढे वाटले जातात. आणि त्याच संध्याकाळी घरातला तरुण मुलगा मित्राला पाठीमागे घेऊन थेट तालुक्याच्या गावी निघतो!

शेतकरी बांधवांनो, नव्या खोंडाला पहिल्याच दिवशी भरलेल्या गाडीला तुम्ही जुंपता का? नाही. आधी त्याला जाणत्या बैलाच्या जोडीने रिकाम्या गाडीला चालवता. मग हाच न्याय स्वतःच्या पोराला का नको? सुरुवातीचे काही दिवस गावाबाहेरच्या मोकळ्या माळावर एकट्याने गाडी फिरवावी. क्लच, गिअर आणि ब्रेक न बघता हाताला-पायाला सापडू लागले, म्हणजे मग डांबरी रस्ता. पाठीमागे माणूस आणि ओझे त्यानंतर.

नव्या चालकाने एकच गोष्ट मनात पक्की धरावी: जेवढा रस्ता मोकळा दिसतो, तेवढ्यात गाडी थांबली पाहिजे. हिशेब साधा आहे. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे ३६ फूट जाते. समोर म्हैस आडवी आलेली डोळ्यांना दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद सहज जातो. त्यानंतर गाडी थांबायला कोरड्या, चांगल्या रस्त्यावरही तीसेक फूट लागतात. म्हणजे झाले सुमारे ७० फूट. वेग ६० असेल तर हेच अंतर १३० फुटांच्या घरात जाते. वेग वाढला दीडपट, अंतर मात्र जवळजवळ दुप्पट! ओल्या रस्त्यावर आणि नवख्या हातात ते आणखी वाढते.

आता आपले रस्ते आठवा. गळीत हंगामात रात्री उसाची ट्रॉली रस्त्यातच पंक्चर होऊन उभी असते. तिला मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. कोठे सोयाबीन नाही तर तूर वाळत घातलेली, कोठे शेतातून आलेल्या ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल, कोठे वळणावर सांडलेली खडी. पहिल्या पावसात रस्त्यावरची धूळ आणि तेल भिजून डांबर लोण्यासारखे निसरडे होते. गाडीच्या दिव्याचा उजेड जेथे संपतो, तेथपर्यंतच आपला रस्ता. त्यापुढे ट्रॉली उभी आहे असेच समजून रात्री वेग ठेवावा.

ब्रेकबद्दल एक गैरसमज घरोघरी आहे. पुढचा ब्रेक दाबला की माणूस तोंडावर पडतो, म्हणून बरेच जण फक्त पायाचा ब्रेक मारतात. खरे म्हणजे गाडी थांबताना सगळा भार पुढच्या चाकावर येतो आणि थांबवण्याचे जास्त काम तेच चाक करते. नुसता मागचा ब्रेक जोरात दाबला, तर मागचे चाक घसरून गाडी आडवी होते. म्हणून हँडल सरळ ठेवून दोन्ही ब्रेक एकाच वेळी, एकदम न आवळता, दाब वाढवीत लावावेत. वळणाचा वेग वळणाआधीच कमी करावा. खडी-चिखलात तर पुढचा ब्रेक फार हलक्या हाताने.

भगिनींनो, पाठीमागे बसताना पदर आणि ओढणी खोचून घ्या. सुटलेला पदर मागच्या चाकात जातो आणि क्षणात घात होतो. चाकाची जाळी दुकानदाराकडून बसवूनच घ्या. दुधाचे कॅन दोन्ही बाजूंना सारख्या वजनाचे बांधावेत. कडब्याच्या पेंढ्या रस्ताभर आडव्या बांधून नेऊ नयेत.

हेल्मेट तालुक्याला जातानाच घालायचे, शेतावर जाताना नाही, असे समजू नका. डोके तेच असते आणि दगडही तेवढाच कठीण. आय.एस.आय. शिक्क्याचे, डोक्याला घट्ट बसणारे हेल्मेट घ्या आणि हनुवटीखालचा पट्टा दर वेळी लावा. पट्टा न लावलेले हेल्मेट पडताना डोक्याच्या आधीच निघून जाते.

वडीलधाऱ्यांनो, एक गोष्ट खास तुमच्यासाठी. गिअरच्या गाडीचा परवाना १८ वर्षे पुरी झाल्याशिवाय मिळत नाही. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीप्रमाणे, अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकच दोषी धरला जातो. त्याला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाडीची नोंदणीही बारा महिन्यांसाठी रद्द होते. ‘डेअरीपर्यंतच तर जातोय’ म्हणून दहावीतल्या पोराच्या हाती किल्ली देणे म्हणूनच परवडणारे नाही.

आणि रस्त्यात कोणी पडलेला दिसला तर पोलिसांचा ससेमिरा लागेल या भीतीने पुढे जाऊ नका. त्याच दुरुस्तीने सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. १०८ ला फोन लावा.

किस्त चुकली तर पुढच्या हंगामात भरता येते. घरातला कर्ता माणूस गेला तर तो कोणत्या हंगामात परत येणार? तेव्हा गाडीची पूजा जरूर करा, पण किल्ली देण्याआधी पोराला चार दिवस माळावर न्या.