प्रार्थना की दवाखाना?

चिमूर तालुक्यात रामदिघीच्या जंगलात साधना केलेल्या तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) खंजिरीच्या तालावर दारूवर कोरडे ओढले. त्यांच्या गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना विदर्भातल्या गावांत आजही होते. वेळ सायंकाळची, म्हणजे नेमकी गुत्त्याकडे पाय वळण्याची. दारू सोडू पाहणाऱ्याला त्या वेळी चारचौघांत बसायला जागा मिळते, हा लाभ देव न मानणाऱ्यालाही नाकारता येणार नाही.

१९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडवणाऱ्या गटाच्या बारा पायऱ्यांतही ईश्वर आहे. तो कसा, हे ज्याचे त्याने ठरवायचे. १९९४ची स्मार्ट रिकव्हरी ही संघटना मात्र श्रद्धेऐवजी विचार आणि वर्तन बदलण्याच्या तंत्रांवर भर देते.

गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. तिथे २०१६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था, शासन आणि टाटा ट्रस्ट्स यांनी ‘मुक्तिपथ’ हे व्यसनमुक्ती अभियान सुरू केले. दारूबरोबर तंबाखूचा खर्राही लक्ष्य. गावोगावी संघटना, तालुक्याला क्लिनिक, समुपदेशन आणि औषधोपचार. विक्री रोखायला बहुधा बायाच पुढे. हा मार्ग धर्मनिरपेक्ष, पण एकट्या रुग्णापेक्षा गावाला धरणारा.

‘अध्यात्म म्हणजे दारूबंदी’ हे समीकरण इथे सरसकट चालत नाही. गोंड, माडिया घरांत मोहाची दारू देवकार्यातही लागते. देवाला वाहिलेले थेंब आणि रोजची बाटली यांतला फरक समुपदेशकाला कळावा लागतो.

शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी २०१५ला आली, २०२१ला उठली. व्यसन सोडवणाऱ्या गटांची गरज दोन्ही काळांत होतीच.