लहान तारा, मोठी वादळे

मे महिन्यात रात्री साडेदहा-अकराच्या सुमारास पेण किंवा रोह्यातून मोकळ्या दक्षिण क्षितिजाकडे पाहिले, तर नरतुरंगातला ‘मित्र’ हा तेजस्वी तारा दिसतो. त्याच्याच सोबतीतला प्रॉक्झिमा हा सूर्याला सर्वांत जवळचा तारा. अंतर ४.२ प्रकाशवर्षे, तरी नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही, कारण तो लाल बटू आहे. आकाशगंगेतले सुमारे तीन चतुर्थांश तारे याच जातीचे. त्यांच्या ग्रहांविषयी काही गैरसमज रूढ आहेत.

गैरसमज : लहान, मंद तारा शांत असतो.
वस्तुस्थिती : प्रॉक्झिमाचे वस्तुमान सूर्याच्या जेमतेम १२ टक्के. एवढ्या लहान ताऱ्यात गाभ्यापासून पृष्ठभागापर्यंत तप्त वायू आधणासारखा खदखदत असतो. ही घुसळण आणि ताऱ्याचे स्वतःभोवती फिरणे यांतून प्रबळ चुंबकक्षेत्र तयार होते. त्याच्या रेषा पिळवटून तुटल्या आणि नव्याने जुळल्या की ज्वाला उसळतात. १ मे २०१९ रोजी प्रॉक्झिमा अतिनील प्रकाशात काही सेकंदांत सुमारे १४,००० पट उजळला होता.

गैरसमज : पाणी द्रवरूप राहील अशा अंतरावर ग्रह असला, की तो जीवसृष्टीला योग्य.
वस्तुस्थिती : मंद शेकोटीची ऊब हवी तर जवळ सरकावे लागते, आणि ठिणग्याही तिथेच उडतात. २०१६ मध्ये सापडलेला ‘प्रॉक्झिमा बी’ ११.२ दिवसांत प्रदक्षिणा पूर्ण करतो. त्याचे ताऱ्यापासूनचे अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या विसाव्या भागाइतके. तेवढ्या जवळ ज्वालेचे प्रारण, तीच ज्वाला पृथ्वी-सूर्य अंतरावरून पाहिली असती तर पडले असते त्याच्या ४०० पट तीव्र पडते.

गैरसमज : ग्रहाला स्वतःचे चुंबकक्षेत्र असले की तो सुरक्षित.
वस्तुस्थिती : चुंबकक्षेत्र विद्युतभारित कणांना वळवते, क्ष-किरण आणि अतिनील किरण त्याला जुमानत नाहीत. ते वरचे वातावरण तापवतात आणि वायू अवकाशात निसटू लागतो. उलट, शुक्राला पृथ्वीसारखे चुंबकक्षेत्र नाही, तरी त्याचे वातावरण दाट आहे.

गैरसमज : मग लाल बटूंचे सगळेच ग्रह ओसाड असणार.
वस्तुस्थिती : ट्रॅपिस्ट-१ या लाल बटूभोवती सात ग्रह आहेत. सर्वांत आतल्या ग्रहावर जेम्स वेब दुर्बिणीला दाट वातावरणाची खूण मिळाली नाही. बाहेरच्या ग्रहांवर वातावरणाचा शोध सुरू आहे. वय वाढते तसे ताऱ्याचे फिरणे आणि उसळणेही मंदावते. ज्वालामुखींतून बाहेर पडणारे वायू गमावलेले वातावरण काही अंशी भरूनही काढू शकतात.

गैरसमज : या विषयाशी रायगडचा संबंध नाही.
वस्तुस्थिती : सप्टेंबर १८५९ च्या सौरवादळात मुंबईच्या कुलाबा वेधशाळेने पृथ्वीचे क्षैतिज चुंबकक्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरल्याची नोंद केली. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार, म्हणून हे काम अलिबागला हलवले. तिथली चुंबकीय वेधशाळा १९०४ पासून मोजमाप करते आहे. तारा ग्रहाला कसा हादरवतो, हे आपण आधी आपल्याच ग्रहावर मोजायला शिकलो. दूरच्या ग्रहांविषयीचे अंदाज याच अनुभवावर उभे आहेत, आणि त्यातली शंभराहून अधिक वर्षांची नोंद पेणहून तासाभराच्या अंतरावर जपलेली आहे.