रहस्यकथा : पानावरील आणि पडद्यावरील

प्रास्ताविक

निवेदक आणि दृष्टिकोन या संकल्पनांचा परिचय आपण यापूर्वी करून घेतला आहे. त्याच संकल्पना आता अभिजात ब्रिटिश रहस्यकथा आणि तिच्यावर आधारलेल्या दूरचित्रवाणी मालिका यांच्या संदर्भात तपासून पाहावयाच्या आहेत. बाबुराव अर्नाळकरांचा झुंझार किंवा भालबा केळकरांनी मराठीत आणलेला शेरलॉक होम्स आपणांपैकी अनेकांनी वाचला असेल. तथापि, हे वाचन केवळ वेळ घालवण्यासाठीच असते, असा समज अद्यापही आढळतो.

हा आक्षेप जुना आहे. १९४५ साली अमेरिकन समीक्षक एडमंड विल्सन यांनी 'द न्यूयॉर्कर'मधील आपल्या लेखाच्या शीर्षकातच विचारले होते, की रॉजर ॲक्रॉइडचा खून कोणी केला याची फिकीर कोणाला आहे? हा प्रश्न गांभीर्याने घ्यावयास हवा. रहस्यकथेचे सारे मूल्य गुन्हेगाराच्या नावातच असेल, तर ते नाव कळताच पुस्तक निरुपयोगी ठरावे आणि मूळ कादंबरी वाचलेल्याने तिच्यावरील मालिका पाहूच नये. प्रत्यक्षात वाचक तीच कथा पुन्हा वाचतो आणि तिचे रूपांतरही आवडीने पाहतो. याचा अर्थ, आनंदाचे मूळ अन्यत्र आहे.

वाचकाशी केलेला करार

दोन महायुद्धांमधील काळ हा ब्रिटिश रहस्यकथेचा सुवर्णकाळ मानला जातो. या काळात लेखक आणि वाचक यांच्यात एक अलिखित करार निर्माण झाला. धर्मगुरू आणि लेखक रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ साली त्याला दहा नियमांचे रूप दिले. गुप्तहेराला सापडलेला धागादोरा वाचकापासून दडवू नये, अलौकिक शक्तींचा आधार घेऊ नये, गुप्तहेराच्या सामान्य बुद्धीच्या सोबत्याने आपले विचार वाचकापासून लपवू नयेत, अशा स्वरूपाचे हे नियम होते. १९३० साली लंडनमध्ये 'डिटेक्शन क्लब' स्थापन झाला. जी. के. चेस्टरटन त्याचे पहिले अध्यक्ष होते.

या करारामुळे वाचक हा केवळ श्रोता न राहता प्रतिस्पर्धी होतो. शेवटी "हे तर माझ्यासमोरच होते" असे वाटणे, हा रहस्यकथेचा खरा आनंद होय.

निवेदकाचे स्थान

ॲगाथा ख्रिस्ती यांची 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड' ही कादंबरी १९२६ साली प्रसिद्ध झाली. हर्क्यूल प्वारोच्या या तपासाचे निवेदन गावातील डॉक्टर शेपर्ड करतात. शेवट येथे सांगणे उचित नाही. परंतु त्या शेवटामुळे काही वाचकांना आपली फसवणूक झाली असे वाटले. लेखिका डोरोथी सेयर्स यांनी मात्र ख्रिस्तींची बाजू घेतली. प्रत्येकावर संशय घेणे हे वाचकाचे कामच आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

कादंबरीची सारी किमया 'मी' या प्रथमपुरुषी निवेदनात आहे. 'मी'वर आपण सहज विश्वास ठेवतो. डेव्हिड सुशे यांनी प्वारोची भूमिका केलेल्या मालिकेत (१९८९ ते २०१३, एकूण ७० भाग) ही कथा २००० साली आली. येथे कॅमेरा शेपर्डकडे बाहेरून पाहतो. ते इतर पात्रांमधील एक पात्र ठरतात. कथानक बहुतांशी तेच असूनही अनुभव बदलतो, कारण दृष्टिकोन बदललेला असतो.

धागादोरा कसा लपवावा?

लेखक पाच साध्या वस्तूंच्या यादीत महत्त्वाची वस्तू तिसऱ्या क्रमांकावर ठेवतो आणि आपली नजर तिच्यावरून सरकते. पडद्यावर तीच वस्तू क्षणभर जवळून दाखवली, की प्रेक्षक सावध होतो. नामवंत नट किरकोळ भूमिकेत दिसला तरी संशय बळावतो.

आर्थर कॉनन डॉयल यांच्या 'सिल्व्हर ब्लेझ' (१८९२) या कथेत तर धागादोरा म्हणजे न घडलेली घटना आहे. रात्री तबेल्यातून घोडा नेला जातो. पण कुत्रा भुंकत नाही. अर्थात, येणारा त्याच्या ओळखीचा असला पाहिजे. शब्दांत 'नव्हते' असे म्हणता येते. चित्रात मात्र जे नाही ते दाखवणे कठीण असते. ते संवादातूनच सांगावे लागते.

पडद्याने काय दिले, काय गमावले?

रूपांतर म्हणजे नेहमीच हानी, असे मात्र समजू नये. बीबीसीने १९८४ ते १९९२ या काळात मिस मार्पलच्या बाराही कादंबऱ्या जोन हिक्सन यांना घेऊन सादर केल्या. वृद्ध स्त्रीकडे कोणी लक्ष देत नाही आणि म्हणूनच तिला सर्व काही दिसते, हे या व्यक्तिरेखेचे सूत्र आहे. कोपऱ्यात विणकाम करीत बसलेली म्हातारी पाहताना आपणही तिला विसरतो आणि समाजाच्या त्याच चुकीत सहभागी होतो.

उलट उदाहरणही पाहा. प्वारोच्या मालिकेने बहुतेक कथा १९३०च्या दशकात स्थिर केल्या. त्यामुळे वेशभूषा, वास्तू आणि मोटारी यांना देखणी एकसंधता लाभली. परंतु 'थर्ड गर्ल' ही १९६६ची कादंबरी आहे. बदलते लंडन आणि नवी तरुण पिढी यांच्यापुढे गोंधळलेला वृद्ध प्वारो हा तिचा गाभा होता. काळ मागे नेताच रहस्य उरले, पण हा गाभा निसटला.

सारांश

गुन्हेगाराचे नाव हे रहस्यकथेचे केवळ उत्तर असते. तिचे साहित्यमूल्य सांगण्याच्या रीतीत असते. म्हणून विल्सन यांच्या प्रश्नाला असे उत्तर देता येईल, की खून कोणी केला यापेक्षा ते आपल्या लक्षात कसे आले नाही, याची फिकीर वाचकाला असते.

स्वयं-अध्ययनासाठी

आपण वाचलेली कोणतीही एक रहस्यकथा निवडा. तिच्यातील निर्णायक धागादोरा प्रथम कोणत्या वाक्यात येतो ते शोधा. ते वाक्य आपल्या नजरेतून का सुटले, आणि पडद्यावर ते कसे दाखवता येईल, हे दहा ते बारा ओळींत लिहा.