शेतातली शेड: परवानगी कधी लागते?



चारा, अवजारे, माल किंवा जनावरांसाठी स्वतःच्या शेतात बांधलेली शेड महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे 'शेत इमारत' धरतात. त्यासाठी जमीन एनए करावी लागत नाही. पण गट शहराच्या हद्दीत, हद्दीजवळ किंवा प्रादेशिक योजनेत येत असेल, तर कलम ४१ नुसार आधी परवानगी लागते. इथेच बरेच जण फसतात. पाया खोदण्याआधी सातबारा घेऊन तलाठ्यांकडे चौकशी करा.

"पत्र्याचीच तर आहे" हे चालत नाही, वापर बघितला जातो. शेडपुढे उंच ओटा घालून ढाबा काढला, की तो बिगरशेती वापर झाला. मग दंड, शिवाय बांधकाम पाडायची नोटीसही येऊ शकते. परवानगीची प्रत जपून ठेवा.